आठव्या हाताची गाठ

परभणीतल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात योगीराज प्रयोगशाळा परिचर आहे. समुद्र त्याने पाहिलेला नाही. पण समुद्रातला एक ऑक्टोपस कितीतरी वर्षे त्याच्या हवाली होता. उंच बरणीत, काचेच्या पट्टीवर दोऱ्यांनी बांधलेला, फॉर्मलिनमध्ये पांढुरका पडलेला. द्रावण गढूळले की बदलायचे, दोरा कुजला की नवा बांधायचा.

एका रविवारी द्रावण बदलताना एक दोरा तुटला आणि ऑक्टोपसचा एक हात खाली लोंबला. मुलगी माधवी सोबत होती, पाचवीतली. योगीराजची बोटे जाड; गाठ बसेना.

"सरका बाबा," ती म्हणाली. त्या दिवसांत ती आईकडून वाकळ शिवायला शिकत होती. फ्रॉकला टोचून ठेवलेल्या सुईतला लाल दोरा तिने काढला आणि बाबांचे हातमोजे चढवून, आईने शिकवलेल्या दुहेरी गाठीने तो हात बांधला.

"आठ हात हायेत याला, अन् एकबी कामाचा न्हाई."

"माझ्यासारखाच की," योगीराज म्हणाला. ती खूप हसली.

दोऱ्याचा रंग उतरला. बरणी गुलाबी झाली. विभागाच्या बाई रागावल्या. योगीराज द्रावण बदलत राहिला, थेट ते नितळ होईपर्यंत. काम नीट झाल्याचे त्याला तेव्हा समाधान वाटले.

पुढच्या वर्षी माधवी डेंग्यूने गेली.

बरणी राहिली. मृत्यूनंतरही काही गोष्टी टिकवता येतात, हे त्याला कामामुळे ठाऊक होते. त्याचा घरी काही उपयोग नव्हता.

यंदा विभागाने जुन्या बरण्या काढायचे ठरवले. त्यांतले नमुने जाळायला नेणारी गाडी येणार होती. आदल्या संध्याकाळी त्याने बायकोला, राजेश्रीला, गाठीचे सांगितले. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली.

"लाल हाय का अजून?"

"न्हाई. मीच धुऊन काढला."

"मला दोरा पायजे, अवो. तिच्या हातचं घरात काईच न्हाई."

सकाळी ती कॉलेजात आली. पहिल्यांदाच. योगीराजने पट्टी ट्रेमध्ये काढून ठेवली. वासाने दोघांच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि ते वासाचेच आहे असे दोघे धरून चालले. सगळे दोरे पांढरे. कोणता तिचा, हे त्याला सांगता येईना.

हातमोजे घालून राजेश्री एकेक गाठ चाचपत गेली. एकीवर थांबली.

"ही. आवळताना मागं वळवलीय बघा. किती वेळा सांगितलं व्हतं, पुढं वळव म्हणून."

गाठ सुटेना. योगीराजने कात्री पुढे केली. ती तिने घेतली, दोऱ्याखाली घातली आणि तशीच धरून उभी राहिली.

"कापलं की हात खाली पडंल त्याचा."

"आता जाळणारच हायेत त्याला, राजेश्री."

"म्हाईत हाय मला." तिने कात्री ट्रेजवळ ठेवली. "पडू नये म्हणून तर बांधलाय तिनं. राहू द्या."

बाहेर गाडीवाला घाई करत होता. योगीराजने पट्टी बरणीत सोडली, झाकण घट्ट केले. गाडीचा दरवाजा लागेपर्यंत राजेश्री काचेतून त्या एका हाताकडे पाहत होती. तो वरच होता.