गटाराच्या पैशांचं पाणी

ऑडिटची पार्टी आली त्या आठवड्यात मी उपास नसताना उपाशी राहत होते. सकाळी भाकरी करायची, डब्यात घालायची आणि संध्याकाळी तशीच गाईपुढं टाकायची. घासच उतरत नव्हता.

माण भागातलं ते लहानसं गाव. नगरपंचायत होऊन फार वर्षं झाली नव्हती आणि लेखापाल म्हणून मला तिथं जाऊन तर जेमतेम काही महिने झाले होते. माझं घर सांगलीजवळ माधवनगरला. नवरा फौजेत, पोस्टिंग लांब उत्तरेत. घरी सासूबाई आणि दहावीतली मुलगी. मी त्या गावात एक खोली घेऊन राहत होते. शनिवारी मायणी, विटा करत एस.टी.नं घरी जायचं आणि सोमवारी पहाटे उठून परत यायचं.

माझ्या आधीचे लेखापाल काम करता करता खुर्चीतून खाली कोसळले होते. अर्धांगवायू. ऑफिसात सगळे त्यांना आबा म्हणत. रिटायर व्हायला वर्ष राहिलेलं. त्यामुळे मला चार्ज द्यायला माणूसच नव्हता. शिपायानं कपाटांच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या, मी सही केली, झाला चार्ज.

ऑडिट करायला आलेले साहेब साताऱ्याचे. पन्नाशीच्या पुढचे, शांत. डबा घरून आणायचे आणि ऑफिसचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. त्यांनी एका दुपारी मला बोलावलं.

"मॅडम, खालच्या वस्तीत गटार बांधायला शासनाचा निधी आला होता. सगळा खर्च झालेला दिसतोय. मला ते गटार दाखवता का?"

मी त्या वस्तीत कधी गेलेच नव्हते. आम्ही दोघं चालत गेलो. गटार नव्हतं. दारादारासमोरून मोरीचं काळं पाणी वाहत होतं आणि लोकांनी त्यात दगड टाकून घरात जायला वाट केली होती. साहेब एका दगडावर उभे राहिले, दोन्हीकडं बघितलं आणि काही न बोलता मागं वळले. मला वाटलं, त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

पैसे कुठं गेले ते शोधायला फार वेळ लागला नाही. एका उन्हाळ्यात गावातल्या विहिरी आटल्या होत्या. टँकरचं सरकारी अनुदान वेळेवर आलं नाही, टँकरवाल्यांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा गटाराच्या खात्यातून त्यांची बिलं भागवली होती. बिलं खरी होती. मला तरी कुणी खाल्लेलं दिसलं नाही. पण ह्याचे पैसे त्याला वळवायला वरून परवानगी लागते. ती कुणी मागितलेली नव्हती. अमक्यानं सांगितलं म्हणून दिले, अशी एक ओळसुद्धा कुठं नव्हती.

"माणसांना पाणी पाजलं ना साहेब," मी म्हटलं.

"पाणी पाजणं हे पुण्य झालं, मॅडम. मंजुरी नाही झाली." ते हळू आवाजात म्हणाले. "मला वसुली काढावी लागणार. कुणावर, ते तुमच्या उत्तरावरून ठरेल. आणि उत्तर आलंच नाही, तर आज जो खुर्चीत बसलाय त्यालाच विचारतील."

मी जागेवर येऊन बसले. रकमेकडं पुन्हा बघितलं. माझ्या उरलेल्या नोकरीचा पगारसुद्धा तिला पुरला नसता. माधवनगरच्या घराचे हप्ते, मुलीची अकरावी, सासूबाईंची औषधं, सगळं एकदम डोळ्यांसमोरून गेलं. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "तू काय केलंयस का? नाही ना? मग कशाला घाबरतेस?" त्याला काय सांगणार? तिकडं फौजेत हुकूम कुणाचा, हे प्रत्येकाला माहीत असतं. इथं हुकूम देणारा तोंडानं देतो आणि बदली घेऊन जातो.

त्या वेळचे मुख्याधिकारी विदर्भात गेले होते. बऱ्याच प्रयत्नांनी त्यांनी फोन उचलला. "मी सांगितलं? मला काही आठवत नाही. लेखापालांनी केलं असेल." त्या वेळच्या नगराध्यक्षा बाईंना फोन लावला तर त्यांच्या यजमानांनी घेतला आणि "ते अधिकाऱ्यांचं काम" म्हणून ठेवून दिला. आताचे मुख्याधिकारी तरुण, परीक्षा देऊन नुकतेच आलेले. मी रडकुंडीला आलेली बघून त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"मॅडम, इतकं मनावर घेऊ नका. आबांनी परस्पर केलं असं लिहून टाका. ते काही आता बोलायला येणार नाहीत."

ते दुष्टपणानं बोलले नाहीत. गावाबाहेरून जाणारा जवळचा रस्ता सांगावा तसं सांगितलं. आणि खरं सांगायचं तर ऐकून मला क्षणभर हायसं वाटलं. पण उत्तर लिहायला बसले की हात पुढं जाईना. ज्या माणसाला मी कधी पाहिलंही नव्हतं, त्याच्यावर काय म्हणून लिहू? म्हटलं, एकदा त्यांनाच भेटावं.

आबांचं घर कोरेगावला. पुसेगावावरून जाणाऱ्या गाडीत बसले आणि विचारत विचारत पोचले. दारात त्यांची बायको पोत्यावर घेवडा निवडत बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं पदर सावरला आणि आत नेलं. आबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला. दाढी नुकतीच केलेली, एका गालावर अजून साबण होता.

"आवं, ह्या ताई तुमच्या जागंवर आल्यात बगा, हापिसात," काकू म्हणाल्या.

आबांचे डोळे भरून आले. मी त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसले. सरळच विचारलं, "आबा, गटाराचे पैसे टँकरला द्यायला तुम्हाला त्या वेळच्या साहेबांनी सांगितलं होतं का?"

"व्हय," आबा म्हणाले.

मी घाईघाईनं पर्समधून पेन काढलं. तेवढ्यात काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ताई, त्यांचं काय धरू नगा. आजारापास्नं तेवढा एकच सबूद ऱ्हायलाय. सगळ्यालाच व्हय म्हंत्यात."

माझा विश्वास बसेना. मी पुन्हा विचारलं, "का तुम्ही आपल्या मनानं दिले, आबा?"

"व्हय."

"जेवलात का?"

"व्हय."

"अजून जेवायचं हाय," काकू म्हणाल्या.

सगळ्यात वाईट म्हणजे आबांना समजत होतं. आपल्या तोंडून भलतंच निघतंय हे त्यांना कळत होतं. ते मान हलवून नाही म्हणायला बघायचे, तर मानही पुरती वळायची नाही. डाव्या हातानं खुर्चीच्या दांड्यावर मारत ते "व्हय, व्हय, व्हय" म्हणत राहिले आणि साबणावरून डोळ्यांतलं पाणी ओघळत राहिलं. मी पेन पर्समध्ये टाकलं. काकूंनी त्यांचं तोंड पुसलं, मला चहा दिला. विचारलं, "काय घोळ झालाय का हापिसात?" मी म्हटलं, "थोडा आहे, काकू. बघू." त्या बाईच्या घरात बसून यापेक्षा जास्त बोलायची माझी छाती झाली नाही.

परत येताना गाडीत एक विचार सुचला आणि मी त्याला बुडत्यानं काडीला धरावं तशी धरून बसले. पैसे वळवले ते चुकलं, पण पाणी तर लोकांनाच मिळालं. ज्या वस्तीचं गटार राहिलं, त्याच वस्तीतल्या लोकांनी लिहून दिलं की आम्हाला टँकर मिळाला, तर शासन कदाचित हे माफ करेल. मग आबा सुटतील आणि मीही.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर एकटीच खालच्या वस्तीत गेले. एक बाई दारातल्या दगडावर उभी राहून खराट्यानं घाण पाणी पुढं लोटत होती. तिला मी टँकरचं विचारलं. तिनं खराटा थांबवला.

"कुटला टँकर? आमच्यात टँकर कवा आला? वरच्या आळीला यायचा त्यो. आमी हंडं घिऊन वर जाऊन बसायचो. त्यास्नी भरून उरलं तर आमाला. न्हाई उरलं की माघारी."

"एकदाही नाही आला?"

"रस्ता बगा की. गटार न्हाई, सगळा चिखुल. डायवर म्हणायचा, गाडी रुतल."

मी तिथंच खाली बसले. चिखलात नाही, तिच्या उंबऱ्यावर. तिनं घाबरून पाणी आणून दिलं. कळशीतलं, गार. मी प्यायले आणि मला रडू कोसळलं. ती बिचारी विचारत राहिली, "काय झालं, बाई? कोण गेलं का घरातलं?" यांच्या दारातलं गटार विकून वरची आळी पाणी प्यायली होती आणि मी यांच्याकडं त्याची पोच मागायला आले होते.

मी उत्तर लिहिलं. परवानगीचा कागद सापडत नाही. सूचना कुणाची, हे सांगू शकणारे एक अधिकारी आठवत नाही म्हणतात आणि दुसरे बोलू शकत नाहीत. चेकवर त्या दोघांच्याही सह्या आहेत. आणि खालच्या वस्तीला टँकर मिळाला नाही, हेही लिहिलं.

मुख्याधिकाऱ्यांनी वाचलं आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "हे शेवटचं कशाला? कुणी विचारलंय का तुम्हाला? माफीची जी काय आशा होती तीही घालवताय."

"ते काढायचं असेल तर साहेब, सही दुसऱ्या कुणाची तरी घ्या," मी म्हटलं.

त्यांनी कागद परत माझ्यापुढं सरकवला. उत्तर तसंच गेलं. साताऱ्याच्या साहेबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि एवढंच म्हणाले, "मॅडम, यानं कुणाचंच काही सोपं होणार नाही." तसंच झालं. चेकवरच्या दोन सह्यांवर वसुली निघाली. माझं नाव त्यात आलं नाही. विदर्भातले मुख्याधिकारी अपिलात गेले, ते अपील अजून चालू आहे. तोवर रिटायर झालेल्या आबांची ग्रॅच्युइटी थांबली.

काकू ऑफिसात आल्या त्या दिवशी बाजार होता. गर्दीतून वाट काढत त्या थेट माझ्या टेबलापाशी आल्या. बसल्या नाहीत.

"तुमी त्या दिशी इचारलंत आन् ते व्हय म्हनलं. त्येच लिवलंत न्हवं?"

"नाही काकू. देवाशपथ नाही. त्यांचा एक शब्दसुद्धा मी लिहिला नाही. चेकवर त्यांची सही होती."

"सही तर ते रोजच करत हुते की," काकू म्हणाल्या. "त्येच काम हुतं त्यांचं."

सगळं ऑफिस ऐकत होतं. त्यांनी डोळे पुसले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. पिशवी उचलली आणि निघून गेल्या. मी मागं धावले, पण बाजारात त्या कुठल्या कुठं गेल्या.

नंतर आबांची निदान तात्पुरती पेन्शन तरी सुरू व्हावी म्हणून मी साताऱ्याला खेटे घातले. ती सुरू झाली. ती कुणाच्या खेट्यांनी सुरू झाली हे काकूंना कळलं की नाही, मला माहीत नाही. पुढं माझी बदली सांगलीकडं झाली. सासूबाईंनी पेढे वाटले. मुलगी म्हणाली, "आई, तू आता जेवतेस बरं का नीट." खालच्या वस्तीचं गटार झालेलं नाही. जुना हिशेब मिटल्याशिवाय त्या कामाला नवा निधी देता येत नाही, असं वरून कळवलंय म्हणे.

आबा गेले ते मला जुन्या ऑफिसातल्या शिपायानं फोन करून सांगितलं. मी रजा टाकली आणि गेले. कोरेगावच्या स्टँडवर उतरले, बाकावर बसले. काकूंना काय म्हणायचं ते मनात जुळवत बराच वेळ तिथंच बसून राहिले. एक वाक्य धड जुळेना. समोर परतीची साताऱ्याची गाडी लागली. कंडक्टरनं दोनदा हाक दिली, तेव्हा उठले आणि त्या गाडीत जाऊन बसले.