गोविंदभैयांचा फुल फ्रेम

गोविंदभैया कोणाच्याही घरी गेले की आधी मागच्या भिंतीला पाठ टेकून उभे राहायचे. बसा म्हटलं तरी बसायचे नाहीत. मान किंचित वाकडी करून खोली न्याहाळायचे आणि मग निकाल द्यायचे, "मावते आजी." किंवा, "नाही मावत. खाट सरकवा." त्यांच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान होता, ज्याला क्रॉप म्हणतात तो. लेन्सला जेवढं दिसतं त्याच्या कडा तो कापून टाकतो, म्हणून फोटो काढणाऱ्याला मागे मागे सरावं लागतं. रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या खोल्यांमध्ये मागे सरायला जागा कुठली? एका आजोबांना नीट मावून घ्यायच्या नादात ते एकदा मागच्या दारातून थेट मोरीत गेले. पाय धुऊन परत आले आणि गंभीरपणे म्हणाले, "तिथून चांगलं दिसून राहिलं होतं."

त्यांना जाऊन आता दीड वर्ष झालं. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच उद्योग आरंभला होता. रायपूरच्या जुन्या मराठी घरांमधल्या म्हाताऱ्या माणसांचे, पुढे भिंतीवर लागतील असे फोटो काढून ठेवायचे. त्यांची आई गेली तेव्हा घरात तिचा एकटीचा एकही फोटो निघाला नाही. शेवटी कोणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून तिला कापून काढलं. त्या फोटोत तिच्या खांद्यावर एक परका हात तसाच राहिला आहे. "तो हात कोणाचा, हे आजही घरात कोणाले सांगता येत नाही," ते म्हणायचे. असं काम म्हणजे अपशकुन, असं मला आधी वाटलं होतं. पण म्हाताऱ्या बायका स्वतःहून निरोप धाडायच्या, ठेवणीतलं लुगडं नेसून तयार बसायच्या. सुना कानकोंड्या व्हायच्या, सासवा नाही.

माझा दातांचा दवाखाना समता कॉलनीत, त्यांच्या घरासमोरच. मी कॅमेरा धरायला शिकले ती त्यांच्याकडून, आणि रविवारी हौसेने त्यांच्याबरोबर फिरायची. मला ते डॉक्टरीणबाई म्हणायचे. समोरच्याला 'हसा' असं ते कधीच सांगत नसत. कॅमेरा डोळ्याला लावायचे आणि काहीतरी विचारायचे. माहेरी विहीर होती का? शाळेत कोणते मास्तर मारायचे? आजी बोलायला लागायची, ते नुसते ऐकायचे. ती बोलून थांबली की क्लिक. "बोलताना चेहरा समोरच्यासाठी असते," ते सांगायचे. "बोलून थांबला का, तेवढा एक पळ तो माणसाचा सोताचा असते. तेवढाच घ्यायचा." फ्लॅश नाही, कॅमेऱ्याची तिपाई नाही. तिपाई मांडली की म्हातारी माणसं पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखी बसतात, हे त्यांचं म्हणणं मी प्रत्यक्ष पाहिलं होतं.

मग त्यांचा उजवा हात कापायला लागला. हाताचं काम करणाऱ्याला दुसऱ्याचा हात चटकन दिसतो. आधी त्यांनी माझ्याकडचा चहा बंद केला, उन्हाळ्याचं निमित्त सांगून. मग सही करताना पेन दोनदा टेकवू लागले. मी स्पष्टच सांगितलं, "भैया, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवू या. मी येते सोबत." ते म्हणाले, "हव, दाखवू." आणि त्याच दमात, "मले एक सांग, क्रॉपवर अंधारात फोटो हलतेच ना? फुल फ्रेमवाल्याले तो त्रास नाही म्हणते."

तिथून ती चर्चा सुरू झाली ती थांबेचना. फुल फ्रेम घ्यावा की घेऊ नये? सेन्सर मोठा म्हणजे उजेड जास्त. खोलीत मागे सरकायला नको. हादरे सांभाळायची सोय आतच. पण वजन? आणि जवळचे सगळे लेन्स छोट्या सेन्सरचे, त्यांचं काय करायचं? "एक बॉडी बदलली का सगळा संसार बदलावा लागते," ते हताशपणे म्हणत आणि पुन्हा मोबाइलवर कोणा गोऱ्या पोराचा व्हिडिओ लावत. तो बर्फात उभा राहून कोल्ह्याचे फोटो काढत असे. मी म्हणायची, "आपल्या पुरानी बस्तीतल्या काळे आजी काही बर्फात पळत नाहीत." ते हसायचे, पण व्हिडिओ बंद करायचे नाहीत. भोपाळहून मुलगी फोनवर म्हणायची, "पापा, ले लो ना, इतना क्या सोचना." त्यांच्या पत्नी, मालतीवहिनी, मात्र या विषयात एक अक्षर बोलत नसत. वाती वळत बसायच्या.

काळे आजींचा फोटो मात्र काढायचा होताच. आजी ब्याण्णवच्या, खोली अंधारी, खिडकी एकच. भैयांनी विचारलं, आजी बोलल्या, थांबल्या, भैयांनी बटण दाबलं. घरी येऊन पाहिलं तर एकाही फोटोत चेहऱ्याला धड कड नव्हती. पुन्हा जाऊ म्हणत होते, तेवढ्यात आजी गेल्या. घरच्यांनी त्यातल्या त्यात बरा फोटो फ्रेम केला. तेराव्याच्या जेवणाला आम्ही समोरच बसलो होतो. आजींचा मुलगा वाढता वाढता म्हणाला, "बहुत बढ़िया आया है भैया, आपकी मेहरबानी." फोटोतल्या आजींना चार डोळे असल्यासारखे वाटत होते. भैयांनी पानातला भात नुसता चिवडला. रस्त्यात मला म्हणाले, "हे सेन्सरचं काम आहे. आता घेऊनच टाकतो." माझ्या तोंडावर आलं होतं की हे सेन्सरचं नाही. पण ते आधी एकदा बोलून झालं होतं, आणि माणसाला त्याच्या तेवढ्या एका आधारावरून ढकलून देणं मला जमलं नाही. शिवाय खरं सांगायचं तर मलाही आशा वाटायला लागली होती. कोण जाणे, सांभाळेलही तो कॅमेरा त्यांचा हात.

म्हणून आम्ही तिघं पंडरी बाजारातल्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. वहिनी यायला तयार नव्हत्या, पण भैया म्हणाले, "तू चाल. कोणीतरी समोर पाहिजे ना."

दुकानदार पोरगेलासा आणि अदबशीर होता. "अंकल, एक बार हाथ में लेकर तो देखिए," म्हणत त्याने कॅमेरा पुढे केला. भैयांनी कोपर बरगडीला घट्ट दाबलं. वहिनींना काउंटरच्या टोकाला, जिथे उजेड बेताचा होता तिथे उभं केलं. या वेळी मागे सरकावं लागलं नाही.

"आपल्या लग्नात तुह्या बहिणीनं कोणतं लुगडं नेसलं होतं वं?"

वहिनी लाजल्या. "मोरपंखी. त्याच्यावर तुमच्या मामानं चहा नव्हता का सांडवला? किती रडली बिचारी." एवढं बोलून त्या थांबल्या. क्लिक झालं.

दुकानदाराने फोटो मोठ्या पडद्यावर लावला. फोटो स्वच्छ होता. पापणीचा केस न् केस मोजावा असा. मला इतका आनंद झाला की मी वहिनींचा दंड धरला. "देखिए अंकल, एकदम क्लियर," दुकानदार म्हणाला.

भैया पडद्याच्या अगदी जवळ गेले, तेव्हा मीही नीट पाहिलं. वहिनी लेन्सकडे बघत नव्हत्या. बहिणीचं लुगडं त्यांच्या चेहऱ्यावरून केव्हाच निघून गेलं होतं. भैयांचं बोट उशिरा पडलं होतं, आणि तेवढ्यात वहिनींची नजर भैयांच्या हातावर गेली होती. त्या नजरेतली धास्ती कॅमेऱ्याने तंतोतंत टिपली होती. जुन्या कॅमेऱ्यावर ती कधी दिसलीच नसती.

"किती दिवसांपासून अशी पाहून राहिली तू?" भैयांनी हळूच विचारलं.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. "घेऊन टाका ना. चांगला तर आला फोटो."

भैयांनी दोन्ही हातांनी कॅमेरा काउंटरवर ठेवला. "कॅमेरा बराबर आहे, भाऊ," ते दुकानदाराला म्हणाले. त्याला वाटलं अंकल भाव करताहेत, म्हणून तो आणखी लेन्स काढायला लागला. मी त्याला थांबवलं.

गाडीत भैया वहिनींजवळ मागे बसले. म्हणाले, "हलते त्याचं काही नाही, डॉक्टरीणबाई. ते मशीन सांभाळून घेते. पण दाबायचं असते तेव्हा दाबल्या जात नाही. त्याच्यावर कोणता कॅमेरा घ्यायचा?" मी आरशात पाहिलं. वहिनींनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता, आणि तो तिथेही कापत होता.

त्यानंतर त्यांनी कॅमेऱ्याचा विषय काढला नाही. मेंदूच्या डॉक्टरांकडेही मुकाट्याने आले, गोळ्या घेतल्या, थोडाफार फरकही पडला. पुरानी बस्तीतून निरोप येतच होते. एकदा माझ्यासमोरच फोन आला. कोणाच्या तरी सासूबाई लुगडं नेसून वाट बघत होत्या. भैयांनी सगळं ऐकून घेतलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "आता मी कशाले? मोबाइलवर काढून घ्या. आजकाल त्याच्यातही चांगला येते." पुढच्या वर्षी ते गेले तेव्हा मी खूप रडले. पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून ते वाक्य ऐकताना जसं वाटलं, तसं नंतर पुन्हा वाटलं नाही.