इंटरव्हलनंतर हरवलेला बैल

माझी फजिती मीच सांगतो, कारण माझ्या बहिणीच्या तोंडून ऐकाल तं ती त्यात मीठ-मसाला फार घालते. बसा आरामात, चहा येऊन राहिला. अट एकच, हसायचं असन ते शेवटी हसा. मंधात हसलं की माझं डोकं सरकते.

आता तुम्हाले माहीत आहेच, सिनेमाच्या बाबतीत माझ्यासमोर कोणी तोंड उघडत नाही. उघडलं तं मी बंद करतो! शुक्रवारी नवा सिनेमा लागला की पहिला शो माझा, अन् संध्याकाळपर्यंत त्याची चामडी सोलून कॉलनीच्या ग्रुपवर वाळत टाकलेली. लोक तिकीट काढायच्या आधी मले फोन करतात. करतात म्हणजे, करत होते.

लोक म्हणतात, जुने सिनेमे म्हणजे सुवर्णकाळ. कायचा सुवर्णकाळ? हिरॉइन पहिल्या रिळात खोकलली की समजून घ्यायचं, शेवटच्या रिळात मरते. मंधात दोन तास नुसता खोकला. डॉक्टर येते, चष्मा काढते अन् म्हणते, आता सगळं देवाच्या हाती. अरे, मंग तू शिकला कायले बे?

त्यानंतर आले जत्रेत हरवलेले भाऊ. वीस वर्षं एकाच शहरात राहतात, एकमेकाले बदडतात, पण ओळखत नाहीत. अन् मायचं जुनं गाणं वाजलं की दोघांच्या डोक्यात एकदम लाइट लागते! मंग आले ते परदेशवाले. प्रेम जमते भाजीबाजारात, गाणं बर्फात. ती बिचारी पातळ साडीत कुडकुडून राहिली अन् हा गडी कोट, स्वेटर, मफलर घालून तिच्यामागं धावून राहिला. मफलर तं दे तिले, भैताडा!

अन् आताच्या सिनेमात काय आहे? दाढी! हिरोले दुसरं काही कामच नाही. दाढी घेऊन तो हळूहळू चालते. दारातून टेबलापर्यंत येईपर्यंत मी एक डुलकी काढून घेतो. मराठीचं तं विचारूच नका. एक तं नवरा-बायको मोठ्या खिडकीत बसून कॉफी पितात अन् घटस्फोट घेतात. नाही तं एक म्हातारा रिकाम्या रस्त्यानं सात मिनिटं चालते अन् त्याले पुरस्कार भेटते. नागपूरच्या मे महिन्यात तसा चालून दाखव म्हणा, तिसऱ्या मिनिटाले सलाइन लागते.

तं असा मी. अन् अशा माझ्या सख्ख्या भाच्यानं सिनेमा लिहिला!

शुभम त्याचं नाव. माझ्या मोठ्या बहिणीचा, कुंदाताईचा एकुलता एक. विमानतळाजवळच्या मिहानमध्ये एका कंपनीत चांगली नोकरी होती, कार्ड गळ्यात घालून जात होता. एक दिवस कार्ड काढून ठेवलं अन् म्हणाला, मी लिहिणार. भाऊजी वीज केंद्रात आयुष्यभर शिफ्ट केलेला माणूस. त्यांनी पोट्ट्याकडं असं पाहिलं की घरातला कुलर आपोआप बंद झाला. शेवटी तडजोड झाली. एक सिनेमा लिही, चांगला झाला तं पुढं पाहू, नाही तं गुपचूप कंपनीत परत.

सिनेमा तयार झाला, नागपुरात लागला. तिकडून कंपनीनंही विचारलं, परत येता का, सोमवारी सकाळपर्यंत सांगा. अन् भाऊजींचा शुक्रवारी सकाळी मले फोन.

“विलासराव, मले सिनेमातलं काही समजत नाही. मी पाहीन तं झोपीन. तुम्ही जाणकार आहा. तुम्ही पाहा अन् संध्याकाळी घरी येऊन सांगा. तुम्ही म्हणाल तसं पोट्ट्याचं करू.”

पोराचं अख्खं आयुष्य माझ्या जिभेवर! माझी बायको म्हणाली, “मी पण येतो, शुभमचा सिनेमा आहे.” मी म्हटलं, “तू रविवारी सगळ्यांसंग जा. जाणकार माणूस एकटाच पाहत असते.” ती म्हणाली, “जा बापा, पण नीट पाहा.” नीट पाहा म्हणे! मले!

सिनेमाचं नाव सांगत नाही, पोराची बदनामी नको. गोष्ट शंकरपटाची, म्हणजे आपल्याकडं बैलजोड्यांची शर्यत होते त्याची. दोन भाऊ, त्यांचं भांडण अन् मंधात एक बैल. पट चार दिवसांवर आलेला अन् इंटरव्हलले बैलच गोठ्यातून गायब! खरं सांगतो, मी खुर्चीच्या टोकावर आलो होतो. पण भाच्याचं कौतुक इतक्या लवकर कायले करायचं? बाहेर आलो, समोसा घेतला अन् दोस्ताले फोन लावला. पहिल्या अर्ध्याची सालटी काढता काढता पाहतो तं लॉबी रिकामी! सगळे आत गेले, सिनेमा सुरू झाला.

समोसा तोंडात कोंबून धावलो अन् अंधारात आपली रांग शोधली. एफ सात. पाहतो तं माझ्या खुर्चीवर एक कॉलेजचा पोट्टा!

“उठ बे. माझी सीट आहे.”

“अंकल, मेरा भी एफ सात है.”

“मी पहिल्या अर्ध्यात इथंच होतो! तिकीट पाहा!” मी तिकीट त्याच्या नाकासमोर नाचवलं. त्यानं मोबाइलच्या उजेडात पाहिलं, एफ सात. बिचारा गोंधळला अन् बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर सरकला. एकाच नंबरची दोन तिकिटं विकतात, काय कारभार आहे! मी मनातल्या मनात त्या मॅनेजरच्या सात पिढ्या उद्धरल्या अन् पडद्याकडं पाहिलं.

पडद्यावर लंडन.

बर्फ पडून राहिला होता. काळ्या कोटातला एक दाढीवाला पुलावरून हळूहळू चालून राहिला होता. तुमच्यासारखा साधा माणूस असता तं घाबरला असता. मी नाही. मी लगेच ओळखलं, धाकटा भाऊ बैल शोधता शोधता परदेशात पोहोचला, मंधात वर्षं गेली, दाढी वाढली. हे असं आजकाल करतात. न सांगता काळ उडवतात, प्रेक्षकानं समजून घ्यायचं.

मंग सगळे हिंदीत बोलायले लागले. तिथं तरी शंका यावी का नाही? पण मी नागपूरचा माणूस! आपण वाक्य मराठीत सुरू करतो, हिंदीत संपवतो, भाजीवाल्याशी तं सुरूच हिंदीत करतो. मले वाटलं, वा! आपल्या माणसांसारखं बोलणारा लेखक पहिल्यांदा निघाला. उलट तेवढ्या एका गोष्टीले मी मनात शाबासकी दिली.

पण बैल काही येईना. दाढीवाल्यानं तिघांले गोळ्या घातल्या, बैल नाही. एका बाईनं त्याच्या थोबाडीत मारली, तरी बैल नाही. मी शेवटी त्या पोट्ट्याले विचारलं.

“बैलाचं काय झालं बे?”

“कौनसा बैल, अंकल?”

पाहा! ही आजची पिढी! समोर सिनेमा चालून राहिला अन् ह्यांचं ध्यान मोबाइलात. मी त्याले दहा मिनिटं समजावलं, की बैल म्हणजे नुसता बैल नाही, बैल म्हणजे सुटलेली माती. मागच्या रांगेतून एक बाई ओरडली, “भैया, चुप बैठो ना!” मी तिच्याकडं असं पाहिलं, की अंधार नसता तं ती भस्म झाली असती.

शेवटी एक हेलिकॉप्टर फुटलं अन् सिनेमा संपला. बैलाचं नावही नाही! माझा असा संताप झाला की शेवटच्या नावांच्या पाट्या-बिट्या न पाहता तरातरा बाहेर आलो अन् सरळ प्रताप नगरात, ताईच्या घरी.

सगळे माझीच वाट पाहून राहिले होते. बायको आधीच येऊन बसली होती. तर्री पोहे तयार. भाऊजी खुर्चीत ताठ. अन् शुभम दाराजवळ उभा, हात पाठीमागं बांधून, जसा दहावीचा निकाल लागून राहिला.

“बोला विलासराव,” भाऊजी म्हणाले.

मी पोहे बाजूले ठेवले. असा मौका काय रोज येते?

“पहिला अर्धा सोसण्यासारखा आहे,” मी म्हटलं. “पण दुसऱ्या अर्ध्यात पोट्टं पार वाहून गेलं. माती सुटली, माणसं सुटली, भाषा सुटली. सुरू केलं काय अन् संपवलं काय! नुसता दिखावा. असा सिनेमा लिहिण्यापेक्षा माणसानं पापड लाटावे.”

ताईच्या डोळ्यात पाणी. बायको म्हणाली, “हळू बोला नं जरा.” पण मी हळू बोलणारा आहे का? मी म्हटलं, “खरं बोलणारा माणूस घरात एक तरी पाहिजे.”

अन् शुभम काय म्हणाला माहीत आहे? मान खाली घालून म्हणाला, “मामा बरोबर म्हणते. दुसऱ्या अर्ध्याबद्दल मलेच भरवसा नव्हता. मी कंपनीले आत्ताच हो म्हणून टाकतो.” त्यानं खिशातून मोबाइल काढला. भाऊजींनी नुसती मान डोलवली. खरं सांगू, त्याले थांबवायले माझा हात अर्धा वर गेला. पण शब्द तोंडातून गेला होता, अन् माघार घेणं आमच्या खानदानात नाही.

तेवढ्यात ताई डोळे पुसत म्हणाली, “पण काय रे विलास, तो बैल तरी सापडला का शेवटी? हा घरी इंटरव्हलपुढचं काही सांगत नाही.”

“कुठला सापडते वं!” मी उसळलो. “लंडनच्या बर्फात बैल कुठून येईन?”

शुभमचं बोट मोबाइलवर थांबलं.

“मामा, कुठलं लंडन?”

“तुझ्या सिनेमातलं!”

“माझ्या सिनेमात लंडन नाही.”

“काहून नाही? मी डोळ्यानं पाहिलं. पूल आहे, बर्फ आहे. धाकटा दाढी वाढवून गोळ्या घालून राहिला.”

“मामा, आमचं शूटिंग भंडाऱ्याच्या पुढं गेलं नाही. धाकटा शेवटपर्यंत बैलबंडीवर आहे. अन् बैल इंटरव्हलनंतर पाचव्या मिनिटाले स्वतःच्या पायानं घरी येते!”

आता इथं शहाण्या माणसानं काय करावं? चूप बसावं. मी काय केलं? मी त्या सिनेमाच्या लेखकाशी त्याच्याच सिनेमावरून भांडलो! म्हटलं, “तुले तुझा सिनेमा माहीत नाही! तुम्हा पोट्ट्यांचं ध्यान नाही! तुझ्या मागं त्या दिग्दर्शकानं हेलिकॉप्टर घुसवलं असन!”

“हेलिकॉप्टर?” भाऊजी म्हणाले.

बायको उठली. माझ्या खिशातून तिकीट काढलं, उजेडात धरलं. “स्क्रीन चार,” ती म्हणाली. “समोसा खाऊन तुम्ही कोणत्या दारात घुसले?”

मी आठवून पाहिलं. दारावर पोस्टर होतं. पोस्टरवर बंदूक होती. बैल नव्हता.

घरात जे हसू फुटलं म्हणता! ताई तं जमिनीवर बसली. शुभम भिंतीले टेकून हसता हसता रडून राहिला, का रडता रडता हसून राहिला, कोणास ठाऊक. मले मात्र त्या कॉलेजच्या पोट्ट्याची आठवण आली, ज्याले मी त्याच्याच सीटवरून उठवून सुटलेली माती समजावली होती. धरणी दुभंगावी अन् मी आत जावं असं झालं. फक्त भाऊजी हसले नाहीत. ते म्हणाले, “शुभम, फोन ठेव. रविवारी मी स्वतः पाहतो. झोपलो तं झोपलो.”

रविवारी आम्ही सगळे गेलो. इंटरव्हलले बायको माझी बाही धरून लॉबीत उभी. समोसा नाही, फोन नाही. अन् हाताले धरून मले त्याच दारातून आत आणलं.

पाचव्या मिनिटाले बैल आला. अन् त्याच्या मागोमाग एक नवीन माणूस आला, बैलपारखी. गावात कोणाचीही जोडी दिसली की हा पारावर बसून नावं ठेवते. ह्याचं शिंग वाकडं, त्याची चाल ढिली, आताचे बैल बैल नाहीत, जुने तं त्याहून भंगार. स्वतः जन्मात कधी बंडीवर बसला नाही. त्यानं तोंड उघडलं की अख्खा हॉल खदखदून हसे. अन् बाजूले पाहतो तं भाऊजी! ज्या माणसाले मी ताईच्या लग्नापासून हसताना पाहिलं नाही, तो पोट धरून हसून राहिला होता, डोळ्यातून धारा!

मले राहवलं नाही. म्हटलं, गेलेली अब्रू थोडी तरी परत आणू. मी भाऊजींकडं वाकून म्हटलं, “हे पात्र फसलं बरं का. काहीच्या काही आहे. असा माणूस असते का कुठं?”

आमची अख्खी रांग माझ्याकडं वळली. ताई, बायको, शुभम, सगळे. पडद्याकडं कोणी पाहीना.

भाऊजींनी रुमालानं डोळे पुसले. म्हणाले, “विलासराव, ज्या पोट्ट्यानं तुम्हाले असं हुबेहूब उतरवलं, त्याले लिहिणं येते. कंपनीले उद्या नाही म्हणून कळवून टाकू.”

तं शुभमची नोकरी कायमची सुटली ती माझ्यामुळं, अन् त्याचा दुसरा सिनेमा सुरू झाला तोही माझ्यामुळं. आता सगळं खरं सांगितलं तुम्हाले, तं हेही सांगून टाकतो. त्या नटानं काम जरा जास्तच केलं. मी काही इतकं बोलत नाही.