विलंबित जोर

हिंदुस्थानात गाणं ऐकता ऐकता सर्वांत जास्त घाम कुणी गाळला असेल, तर तो माझ्या मामेसासऱ्यांनी. गाणाऱ्यांना घाम फुटलेला मी पुष्कळ पाहिला आहे, तबलजींना तर तो फुटायचाच. पण ऐकणाऱ्याच्या अंगाखालची सतरंजी पिळून वाळत घालावी लागते, हे मी कामशेतजवळच्या एका वाडीत, त्यांच्या ओसरीवर पहिल्यांदा पाहिलं. माझ्या बायकोचे हे सख्खे मामा. लग्नानंतरच्या पहिल्याच मुक्कामात सकाळी मी डोळे चोळत ओसरीवर आलो, तर रेडिओवर कुणी बुवा भैरवाचा विलंबित ख्याल आळवत होते आणि समोर पन्नाशी ओलांडलेला हा धिप्पाड माणूस लंगोट कसून, दोन्ही तळहात जमिनीला टेकून, जोर काढता काढता मध्येच थिजून राहिला होता. ना खाली, ना वर. मला वाटलं, पाठीत उसण भरली. मी धावत जाऊन त्यांच्या काखेत हात घालणार, तोच आतून मामी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या जावईबापू, समेची वाट बघत्यात." थोड्या वेळानं बुवा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आले, मामांची छाती सतरंजीला टेकली, आणि 'हां!' असा समाधानाचा हुंकार देऊन ते वर उठले.

त्यांचा नियम साधा होता. विलंबित चालू असेल तर एका आवर्तनाला एक जोर, आणि छाती टेकणार ती समेवरच. जलद लयीतलं द्रुत सुरू झालं की बैठका. नाट्यपद लागलं तर मुद्गल फिरवायचे आणि बातम्या लागल्या की घाम पुसायचा. आता विलंबित एकतालाचं एक आवर्तन म्हणजे जवळजवळ मिनिटभराचा मामला. तेवढ्यात तालमीतला पोरगा पंचवीस जोर काढून मोकळा होतो. मामांचा एक व्हायचा, पण तो एक काढायला त्या पोराला सांगितलं असतं तर तो तालीम सोडून पळाला असता. एकदा एका नामांकित गवयांनी तानेच्या भरात एक सम तशीच जाऊ दिली आणि ते सावकाश पुढच्या समेला आले. तेवढा वेळ मामा मधल्या मध्ये लटकलेले. उठल्यावर खांदे चोळत म्हणाले, "ह्या बाबाला समेचं घर ठावं न्हाई. आज गिरनीत पोतं कसं उचलू मी?" गवयाची पारख जाणकारांनी नव्हे, खांद्यांनी करावी असं त्यांचं मत होतं, आणि माझ्या पाहण्यात ते फारसं चुकलेलं नाही.

तालाचं हे वेड आलं होतं देवळातल्या भजनातून. तरुणपणी ते पखवाज वाजवायचे. पोटापाण्यासाठी मात्र त्यांनी कामशेतच्या एका भातगिरणीत तीस वर्षं इंजिन सांभाळलं. गिरणीत आयुष्य गेल्यामुळे जगातली कुठलीही वस्तू ते तांदळासारखी पारखायचे. आधी हुंगायची, मग तळहातावर चोळायची, मग दाताखाली धरून बघायची. छत्री घ्यायची असली तरी हेच. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा भर बैठकीत त्यांनी माझा दंड दाबून पाहिला आणि निकाल दिला, "दाना भरला न्हाई अजून, पन वान चांगलाय." मी लोणावळ्याला पोस्टात कारकून. तिकिटांवर शिक्के मारणं हाच माझा व्यायाम, तेव्हा दाणा पुढेही कधी भरला नाही. पण मुलगी मिळाली.

मामांना एकच मुलगी. ती भात पाखडताना गुणगुणायची आणि सुपाचा झटका नेमका समेवर द्यायची, हे मामांनी हेरलं आणि तिला तळेगावला एका बाईंकडे गाणं शिकायला घातलं. नंतर पुण्याला. भावकीत कुजबुज झाली, पोरीला गाण्याबजावण्याला लावली म्हणून. एका लग्नाच्या पंगतीत कुणीतरी तोंडावरच बोललं. मामांनी हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाले, "तमाशाला पयल्या रांगेत बसताना गानं वाईट नसतं व्हय रं तुमाला?" शेतकऱ्याच्या घरातून, त्या काळात, पोरीला ख्याल शिकायला पाठवायला जी छाती लागते ती जोर काढून येत नाही. मला त्या माणसाचं कौतुक वाटायचं ते यासाठी.

तर हे मामा एक दिवस रेडिओच्या लायसनचे पैसे भरायला माझ्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "जावईबापू, कानाला लावायचं ते हेडफोन का काय, ते घ्यायचंय. हलकं पायजे, स्वस्त पायजे, आन् जोर काडताना पडता कामा नये."

"कशाला मामा? तुमचा ट्रान्झिस्टर तर चांगला खणखणीत आहे."

"एकाग्रता लागती यायामाला," मामा गंभीरपणे म्हणाले. साठीच्या उंबरठ्यावर त्यांना एकाग्रतेची उपरती झाली याचं मला नवल वाटलं, पण तेवढंच.

आधी ट्रान्झिस्टरबरोबर आलेली कानातली गुंडी वापरून झाली होती. ती एकाच कानात बसायची आणि पहिल्याच जोराला घामानं सटकायची. एकदा ती सटकून अंगणात लोंबली, कोंबडीनं दाणा समजून चोच मारली आणि तारेसकट ओढत नेली. ट्रान्झिस्टर तिच्यामागे आणि मामा लंगोटावर ट्रान्झिस्टरच्या मागे. मग आम्ही पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात गेलो. तिथे परदेशी हेडफोन मखमलीवर ठेवले होते. मामांनी एक उचलून हुंगला तोवर मालक गप्प होता. पण "हितं खाली दोन जोर काडून बघू का?" असं विचारल्यावर त्यानं वस्तू काढून घेतली. "आवं, भात घेताना तुमी दाना फोडून बघता का न्हाई?" मामा त्याला समजावू लागले. किंमत ऐकल्यावर मात्र त्यांनी समजावणं थांबवलं. तेवढ्यात एक दुभती म्हैस आली असती.

शेवटी रविवारी जुना बाजार. तिथे एका म्हाताऱ्या दुकानदारापुढे लष्करातून मोडीत निघालेल्या हेडफोनांचा ढीग पडला होता. काळ्या जाड वाट्या, आतून चामड्याची गादी, वर पोलादी पट्टी. मामांनी बारा-तेरा हुंगले, चार दाताखाली धरून पाहिले, आणि मग फुटपाथवर पोतं पसरून, सदरा माझ्या हातात देऊन, एकेक हेडफोन डोक्याला चढवून जोर काढायला सुरुवात केली. बघता बघता गर्दी जमली. एका बाईनं डोंबाऱ्याचा खेळ समजून मुलाला पुढे बसवलं. मी सदरा छातीशी धरून, आपण यांच्या ओळखीचेच नाही असा चेहरा करून उभा होतो. तिसरा हेडफोन पाच जोरांतही हलला नाही. दुकानदारानं तो आपल्या रेडिओला जोडून दिला. मामा म्हणाले, "आवाज वाडवा." त्यानं वाढवला. "आजून." त्यानं आणखी वाढवला. "आजून थोडा." दुकानदारानं चमकून हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि चटका बसल्यासारखा झटकन दूर केला. मग तो मामांकडे पाहत राहिला. मीही.

चहाच्या टपरीवर मामा बशीत बघत बोलले. "डावा कान ग्येलाच हाय. उजवा बी चाललाय. डाक्टर म्हनला, इंजिनानं खाल्लं. पोरीला रेडिओवर गायला बोलावलंय जावईबापू, मार्गशीर्षात. पंधरा मिन्टं. तेवडं एक गानं माज्या कानात पडू द्या, मंग ग्येला तर ग्येला. तुमच्या मामीला बोलू नगा." इतके दिवस मी ज्याची थट्टा करत होतो ते हे होतं. मला स्वतःचीच लाज वाटली. परत जाऊन हेडफोनाची किंमत करायला मी पुढे झालो, तर दुकानदारानंच ती आपणहून उतरवली होती.

घरी आल्यावर मामांनी हेडफोन आठ दिवस आंबेमोहोराच्या कणगीत पुरून ठेवला. नवी वस्तू जुन्या तांदळात मुरल्याशिवाय वापरू नये, मावळच्या हवेची ओल तांदूळ ओढून घेतो, असं त्यांचं शास्त्र. आठवडाभर घरच्या भाताला लष्करी बुटाचा वास येत होता आणि तो वास आपल्याला येतच नाही असं मामा शपथेवर सांगत होते. मग लोणावळ्याच्या एका मेकॅनिककडून मी त्याला ट्रान्झिस्टरमध्ये बसेल अशी पिन लावून आणली. यंत्र उत्तम चाललं. खोड एकच होती. पिन आत गेली की ट्रान्झिस्टरचा स्वतःचा आवाज बंद. मामांना ऐकू आलं तर घरात दुसऱ्या कुणाला नाही, आणि सगळ्यांना ऐकू आलं तर मामांना नाही.

ही खोड किती महागात पडणार ते मार्गशीर्षातल्या त्या सकाळी कळलं. वाडीत तोच एक रेडिओ. ज्यांनी कुजबुज केली होती ते भावकीतले लोकही धुतलेली टोपी घालून ओसरीवर येऊन बसले होते. बाया उंबऱ्याच्या आत. मी आणि बायको पहाटेच्या गाडीनं आलो होतो. मामांनी ट्रान्झिस्टर पाटावर मांडला, हळदकुंकू वाहिलं, आवाज पूर्ण वाढवला आणि उजवा कान त्याला चिकटवून बसले. हेडफोन खुंटीवरच होता. मी डोळ्यांनी खूण केली, तर त्यांनी मान हलवली. एवढी माणसं आपल्या पोरीला ऐकायला आली आहेत, त्यांचं गाणं आपण कसं तोडायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. निवेदिकेनं मुलीचं नाव घेतलं. ओसरीवर आनंदाची एक लाट उठली, सगळे मामांकडे वळले, आणि मामा सगळ्यांकडे बघत विचारत होते, "लागलं का? नाव घ्येतलं का?"

तंबोरा सुरू झाला होता. मामी उठल्या. खुंटीवरचा हेडफोन काढून त्यांनी मामांच्या डोक्यावर चढवला आणि पिन खटकन आत घातली. रेडिओ गप्प झाला. भावकीतले एक आबा कुरकुरले, "आगं, आमी काय बघत बसायचं का?"

"व्हय, बघा!" मामी कडाडल्या. "ती त्यांच्यासाटी गाती, तुमच्यासाटी न्हाई. दीड वरीस झालं, ह्या मानसाला काय बी इचारलं की 'व्हय' म्हनतो. जल्मभर 'न्हाई' बोलनारा मानूस 'व्हय' म्हनाय लागला, तवाच वळाकलं मी." मामांना यातलं काहीच ऐकू गेलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग डोळे मिटले, ओठ हलले, आणि ते हळूच सतरंजीवर ओणवे झाले.

आणि मग त्या ओसरीवर चाळीस माणसांनी एक विलंबित ख्याल पाहिला. मामा तसूतसूनं खाली जात, छाती टेकत, आणि कुणीतरी दबक्या आवाजात म्हणे, "आली." पहिला जोर. दुसरा. तिसऱ्याला मात्र मामा जमिनीपासून चार बोटांवर अडकले. दंड कापू लागले. कपाळावरचा घाम नाकावरून टपटपला. मामींनी पदर तोंडाला लावला, "काय झालं गं पोरी?" म्हणाल्या, आणि ओसरी श्वास धरून बसली. अखेर छाती टेकली. आबांनी टोपी काढून सुस्कारा टाकला. त्यानंतर एकही सम चुकली नाही. मी मोजत होतो, नऊ जोर झाले. मग मामा उभे राहिले आणि बैठका सुरू झाल्या, तशा मामी बायांकडे वळून ऐटीत म्हणाल्या, "द्रुत लागलं." बैठका वाढत गेल्या, पोरं टाळ्या पिटू लागली, आणि मामा रडत होते, थांबत मात्र नव्हते. त्या वेळी मीही रडत होतो, हे कबूल करायला मला आता काही वाटत नाही.

रविवारी मुलगी घरी आली. उंबऱ्यातच तिनं मामांच्या अगदी कानाशी तोंड नेऊन विचारलं, "बाबा, ऐकलंत?" आपल्या कानांची गोष्ट तिला ठाऊक नाही असं मामांना वाटत होतं, आणि तिला ती केव्हाच ठाऊक होती. वाडीनं तोवर तिच्यावर कौतुकाचा नुसता वर्षाव केला होता. मामांनी कपाळाला आठ्या घातल्या. "तिसऱ्या समेला कुटं अडली हुतीस? मी वर लटकून ऱ्हायलो की!" ते ऐकून ती पोर ओक्साबोक्शी रडायला लागली. तिथे तिचा श्वास तुटला होता आणि ते ऐकणाऱ्यांत तिच्या गुरूंशिवाय कुणालाच कळलं नव्हतं.

पुढे वर्षभरात उजवा कानही गेला. हेडफोन लावून काही उपयोग होईना. मामांनी रेडिओ मामींना देऊन टाकला, व्यायाम मात्र सोडला नाही. पुढे मुलीचं नाव झालं, मोठ्या मोठ्या सभागृहांत मी तिला ऐकलं आणि टाळ्याही वाजवल्या. पण ती वाडीत यायची तेव्हा सकाळी ओसरीच्या कडेला तंबोरा घेऊन बसायची, आणि समोर मामा सतरंजीवर जोर काढायचे, आपल्या मनाच्या लयीत, कधी सावकाश, कधी घाईनं, वयामुळे मध्येच दम खात. ती त्यांच्या पाठीवरची नजर हलू द्यायची नाही. आलाप कितीही रंगलेला असो, मात्रा किती का उरलेल्या असोत, त्यांची छाती जिथे टेकेल तिथे ती सम आणायची. तबलजी असता तर भांडून निघून गेला असता. मामा मान वळवून तिच्याकडे बघायचे आणि विचारायचे, "बरुबर आली का गं?"

ती मान डोलवायची आणि पुढचं आवर्तन सुरू करायची.