आधी विचारणारे गोविंदभाऊ

गोविंदभाऊंची आणि माझी पहिली भेट रनाळ्याच्या चावडीवर झाली. देवी टोचण्याच्या कामावर मी नवाच रुजू झालो होतो आणि मला बोलण्याची भारी हौस. लस रोगाला कशी अडवते, हे मी गावकऱ्यांना तासभर ऐकवले. याच कामात मुरलेले भाऊ मागे बायाबापड्यांत बसून ऐकत होते. टोचून घ्यायला एकही मूल पुढे आले नाही. मग घरोघर फिरलो, तर शेजारशेजारच्या दोन घरांनी साफ नकार दिला. मी वहीत त्यांच्या नावांपुढे ‘अडाणी’ असा शेरा मारला.

दुसऱ्या दिवशी भाऊ मला घेऊन त्यातल्या पहिल्या घरी गेले. जिजाबाई तान्ह्या मुलीला घेऊन बसल्या होत्या. भाऊंनी लसीचे नावही काढले नाही.

“काय अडचन शे, बहीन?”

“माले समजस, भाऊ. पन हातवर फोड उठना म्हंजे माय घरमा उनी. सात दिन कोनना वावरमा जानं नई. मंग खानं काय?”

त्यांना सारे कळले होते. वळायला वाट नव्हती. फोड म्हणजे घरी आलेली देवी, तिचे सात दिवस पाळायचे, या त्यांच्या नेमाला भाऊंनी नावे ठेवली नाहीत. मुलीला टोचले, आणि सात दिवस जिजाबाईंच्या जागी भाऊंच्या पत्नी, आमच्या वहिनी, कापूस वेचायला गेल्या. सरकारी नोकराची बायको मजुरीला जाते म्हणून कुजबुज झाली. वहिनी म्हणाल्या, “पोरपेक्षा नाक मोठं शे का?”

दुसऱ्या घरी जाण्याचे काम भाऊंनी माझ्यावर सोपवले होते. अडाण्यांकडे काय जायचे, म्हणून मी आज-उद्या करीत राहिलो. महिनाभरात साथ आली. जिजाबाईंची मुलगी सुखरूप राहिली. शेजारचा मुलगा गेला. मला कित्येक दिवस अन्न गोड लागले नाही. अखेर भाऊंपुढे जाऊन सारे कबूल केले. त्यांनी मला एका शब्दाने दुखावले नाही. वही मागितली, माझा शेरा खोडला आणि तिथे स्वतःच्या अक्षरात लिहिले, ‘यांना विचारायचे राहून गेले.’

आज भाऊ साठ वर्षे पूर्ण करीत आहेत. त्यांना आणि वहिनींना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. माझ्यासारखे बोलके या कामात पुष्कळ आहेत. आमचे शेरे खोडायला भाऊ आम्हांला अजून खूप वर्षे हवे आहेत.