जिनिंगच्या भिंतीवरची माणसं

रजनीची आणि माझी शेवटची भेट झाली ती होळीनंतरच्या एका दुपारी, जळगावात, तिच्या घरी. मी धुळ्याहून एसटीनं गेले होते. एरंडोल मागे पडलं तेव्हाच उन्हानं डोळे मिटायला लागले होते. तिच्या फाटकावर कुणीतरी डांबर फेकलं होतं. ते ओघळून वाळलं होतं, काळी बोटं खाली उतरत यावीत तसं. बेल वाजवली तर आतून आवाज आला, "कोण आहे?" माझा आवाज ओळखूनही तिनं कडी काढायला वेळ घेतला. हिच्या दाराला दिवसाउजेडी कडी मी कधी पाहिली नव्हती. "कायले आली वं एवढ्या उन्हात?" ती म्हणाली. आम्ही दोघी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलो, दोघींचे बाप रेल्वेत, दोघींचं आजोळ यावलकडचं. जन्मभर शाळेत शुद्ध बोललेली ही चित्रकलेची बाई माझ्याशी मात्र आजोळच्याच बोलीत बोलायची. पाणी पिऊन झाल्यावर मी विचारलं, अजून जातेस का त्या भिंतीकडे? म्हणाली, "रोज जाते. पडली तं मी खरी, नाही पडली तं येडी. मले येडीच राहू दे, असं म्हनते मी रोज देवाले..." आणि हसली.  

चैत्र संपता संपता तिच्या भाच्याचा फोन आला, मावशी गेली म्हणून. ऊन लागल्याचं निमित्त झालं. तिच्याबद्दल गावात इतकं उलटसुलट बोललं गेलं आहे, की काय घडलं ते एकदा सरळ सांगावं, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

रजनी मुलींच्या शाळेतून निवृत्त झाली आणि दुसऱ्याच वर्षी गावातल्या काही उत्साही मंडळींनी तिला गाठलं. शहर सुंदर करायचं म्हणून त्यांनी एक समिती काढली होती. सगळे ज्यांना आप्पा म्हणतात ते एक ज्येष्ठ गृहस्थ तिचे प्रमुख. माणूस भला, शब्दाचा गोड. बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंग फॅक्टरीची मागची लांबलचक भिंत रस्त्याला लागून होती. तिच्यावर जाहिराती आणि पानाच्या पिंका सोडून काही नव्हतं. तिथं 'आपलं गाव' असं काहीतरी रंगवायचं ठरलं. समितीच्या मनात होतं केळीचे घड, सोन्याचे दागिने, कापसाची बोंडं. रजनी म्हणाली, "आप्पा, घड नाही, घड उचलणारे काढते. गाव म्हणजे तेच." आप्पांना ते पटलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं.

तिची अट एकच होती. फोटोवरून काढणार नाही, माणसानं समोर येऊन उभं राहायचं. फोटोत माणसाचं वजन कळत नाही, असं ती म्हणायची. मग त्या रस्त्यावर एक वेगळाच खेळ सुरू झाला. केळीच्या ट्रकवर माल चढवणारे हमाल खांद्यावरचं फडकं सारखं करून उभे राहिले. सराफ्यात दागिन्यांना झिलई देणाऱ्या बायका आल्या, एसटीचा एक कंडक्टर आला. भरताची वांगी विकणारी कमलबाई आधी लाजली, मग रोज आपणहून येऊन म्हणायला लागली, "बाई, मन्हं नाक इतलं मोठं नही शे." पंक्चर काढणारे नाना तर पंधरवडाभर मांडीवर ट्यूब घेऊन बसले. या सगळ्यांच्या मागून, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, तिनं रेल्वेचा एक रूळ काढला. ताणून बांधलेल्या सुतळीनं आखलेला, अगदी सरळ. रेल्वेवाल्याची पोर होती ना शेवटी.

चित्र पूर्ण झालं तेव्हा मी मुद्दाम पाहायला गेले. लोक आपापल्या माणसापुढे उभे राहून फोटो काढत होते. एक हमाल स्वतःच्याच चित्राला पाठ लावून उभा होता आणि त्याची बायको तोंडाला पदर लावून हसत होती. भिंत रस्त्याच्या पश्चिमेला, त्यामुळे दुपार कलली की तिची सावली रस्त्याच्या कडेला पसरायची. आमच्याकडच्या उन्हाळ्यात सावली म्हणजे केवढी गोष्ट, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. बघता बघता सावलीत चहाची गाडी आली, रसवंती आली, म्हाताऱ्यांसाठी समितीनं बाकं टाकली. शाळा सुटली की पोरं तिथंच थांबायला लागली. ओसाड रस्त्याला रजनीनं माणसं आणली होती. तिच्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे महिने असावेत... आणि तेवढेच.

पावसाळा उलटल्यावर रंगाला फोड यायला लागले. आधी कमलबाईच्या गालावर, मग नानांच्या गळ्याशी. रजनीला वाटलं, ओल असेल. ती मागच्या बाजूला जाऊन पाहून आली. फॅक्टरीची जागा विकली गेली होती आणि नव्या मालकानं जमीन सपाट करायला ट्रकांनी माती आणून टाकली होती. ती भिंतीला टेकून जवळजवळ भिंतीच्या माथ्यापर्यंत चढली होती. पाऊस त्या मातीत मुरला होता. रजनी परत रस्त्यावर आली, भिंतीच्या टोकाशी उभी राहिली आणि एक डोळा मिटून तिनं रुळाकडे पाहिलं. सुतळीनं आखलेला तो रूळ मध्यावर पोट काढून रस्त्याकडे आला होता. तिनं मला त्याच दिवशी फोन केला. "मंगल, मी वाकडा काढला नव्हता वं," एवढंच तीनदा म्हणाली.

भिंत पडणार, हे सांगायला ती आप्पांकडे गेली. आप्पा स्वतः आले, त्यांनी भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाले, "रजनीताई, ही भिंत माझ्या आजोबांपासून उभी आहे. तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेता." तरी त्यांनी मालकाला निरोप दिला. मालकाचा माणूस येऊन जिथं चीर दिसली तिथं सिमेंट भरून गेला आणि बाईंना जरा रंगाचा हात फिरवायला सांगा म्हणाला. रजनीनं तो फिरवला. दुसऱ्यांदा काढलेला नानांचा गळा आठवड्यात पुन्हा फाटला, सिमेंटसकट. त्यानंतर ती अर्ज घेऊन जिथं जिथं जायचं तिथं गेली. कुणी तिला हाकललं नाही. बसा म्हणाले, चहा दिला, पाहतो म्हणाले. आणि रोज संध्याकाळी सावलीत माणसं वाढतच होती. ती बसलेल्यांना उठवायला जायची, तर लोक प्रेमानं तिच्यासाठीच बाकावर जागा करायचे! "बाई, बसा ना, तुमच्यामुळेच तर ही जागा झाली." हे वाक्य तिला चावायचं. त्याच दिवसांत नाना वारले, साध्या तापानं. त्यांच्या चित्राखाली रोज कुणीतरी फूल ठेवायला लागलं आणि तिथली गर्दी आणखी वाढली.

मग तिनं जे केलं ते सगळ्या जिल्ह्यानं मोबाइलवर पाहिलं. बाजाराच्या वेळेला, भर वर्दळीत, ती रिक्षातून डांबराचे डबे घेऊन उतरली. शिडी लावली आणि मधली सगळी माणसं आपल्या हातानं काळी केली. कमलबाई, कंडक्टर, हमाल, नाना... ब्रश नाही, घमेल्यानं फेकत होती. वर चुन्यानं मोठ्या अक्षरात लिहिलं, 'इथे थांबू नका'. लोक आधी बघत राहिले. मग कमलबाई धावत आली. तिनं टोपलीतली वांगी उचलून रजनीच्या पाठीत मारली. रडत होती आणि मारत होती. "तुम्हीन मन्हा तोंडले डांबर फासं! मी तुमनं काय बिघाडं व्हतं?" रजनी शिडीवरून म्हणाली, "कमल, तू जिवंत राहा, मी तुझं तोंड पुन्हा काढीन." ते गोंगाटात कुणाला ऐकू गेलं नाही. पोलीस आले. जुन्या विद्यार्थिनींनी तिला संध्याकाळपर्यंत सोडवून आणलं.

त्यानंतर गावानं तिला टाकलं. बाईंचं डोकं फिरलं, मानधनावरून बिनसलं, नाव कमी पडलं... जितकी तोंडं तितक्या कथा. सगळ्यात वाईट दिवस मात्र त्यातल्या कशाचा नव्हता. नानांचा मुलगा संजू एका सकाळी घरी आला, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाई, माझ्या बापाचा दुसरा फोटोच नव्हता." आणि निघून गेला. रजनीनं जन्मात पहिल्यांदा समोर माणूस नसताना चेहरा काढला, आठवणीतून, पुन्हा पुन्हा. नेऊन दिला तेव्हा संजूनं तो घेतला नाही.

पण गर्दी पांगली. डांबर तापलं की वास मारायचा, काळ्या तोंडांकडे बघत चहा कुणाला प्यावासा वाटेना. चहाची गाडी हलली, रसवंती हलली. रजनीला हवं होतं ते झालं. तरी ती रोज दुपारी छत्री घेऊन जायची, रस्त्याच्या पलीकडे उन्हात उभी राहायची आणि डांबरातून अजून दिसणाऱ्या रुळाच्या तुकड्याकडे पाहायची. कमलबाईचं टोपलं तेवढं भिंतीखालीच राहिलं होतं, हट्टानं. दोघी रस्त्याच्या दोन बाजूंना, एकमेकींकडे न बघता. अशाच एका दुपारी रजनी उभ्या जागी कोसळली. रस्ता ओलांडून धावली ती कमलबाईच. तिनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, आपल्याजवळचं पाणी तोंडावर मारलं, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. रिक्षात रजनी एकच बोलली, म्हणे, "कमल, आता तरी या बाजूला बस." दोन दिवसांनी ती गेली.

मेल्यावर माणूस लगेच चांगला होतो. महिन्याभरात समितीनं ठरवलं की डांबर काढून चित्र पुन्हा उजळायचं, मध्ये रजनीचा चेहरा काढायचा आणि श्रद्धांजलीची सभा तिथंच, भिंतीखाली घ्यायची. बालमैत्रीण म्हणून मला बोलायचं निमंत्रण आलं. मी आप्पांना फोनवर सांगितलं, जागा बदला. ते म्हणाले, "ताई, त्यांच्याच कलेच्या सावलीत त्यांचा सन्मान... याहून चांगली जागा कोणती?"

मी गेले. सतरंजी अंथरली होती, खुर्च्या मांडत होते, सावली छान पडली होती. शाळेच्या मुली पांढऱ्या कपड्यांत गाण्यासाठी आल्या होत्या. आणि सतरंजीच्या बरोबर मधोमध कमलबाई टोपलं घेऊन बसली होती. कार्यकर्ते विनवत होते, ती हलत नव्हती. "मी नही उठाव. पोरी अठे उभ्या ऱ्हातीन तं पहिले मन्हा आंगवर उभ्या करा." आप्पा माझ्याकडे वळले, "ताई, तुम्ही तरी सांगा यांना." मी चपला काढल्या आणि कमलबाईशेजारी जाऊन बसले. पाठीमागे ती भिंत होती आणि खरं सांगते, मानेवर तिचं असणं जाणवत होतं, कुणी वाकून कानाशी उभं असावं तसं. कुणी हसलं. कुणी म्हणालं, हीपण तसलीच. तेवढ्यात गर्दीतून संजू पुढं आला. त्यानं एक खुर्ची उचलली, रस्ता ओलांडला आणि पलीकडे उन्हात ठेवली. परत आला, दुसरी उचलली. मग एका हमालानं उचलली. मग मुलींनी.

सभा रस्त्यापलीकडे झाली, सगळ्यांच्या तोंडावर ऊन घेऊन. आप्पाही तिथंच घाम पुसत बोलले आणि चांगलं बोलले. आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून बसलो होतो आणि भाषणांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. काही झालं नाही. भिंत उभी होती. सभा संपल्यावर काही जण आमच्याकडे बघत, मान हलवत गेले.

तेव्हापासून कमलबाई टोपलं पलीकडे लावते. माझा नंबर तिनं मागून घेतला आणि आठवड्यातून दोनदा तरी धुळ्याला फोन करते. बाई उभी राहायची तिथं उभी राहून ती आता रोज एक डोळा मिटून रुळाकडे पाहते, हे तिनंच मला सांगितलं. कोण कोण येऊन सावलीत बसू पाहतं, कुणाला कसं उठवलं, तेही सांगते. भिंतीवर काम करणारे रंगारी अजून आलेले नाहीत. पुढच्या आठवड्यात येणार म्हणतात.

हा लेख इथवर लिहून झाला आणि आज सकाळी तिचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. "ताई, सकायपाईन भितना खालतून माती गळी ऱ्हायनी," ती म्हणाली. मी विचारलं, सगळी माणसं हलवली का? "बठ्ठासले अलीकडे काढं शे. संजू रस्ताले आडवा उभा शे, कोनले जाऊ देत नही." मी म्हटलं, तू कुठं आहेस? "मी बाईनी जागावर शे."

मग ती बोलायची थांबली. फोन तिनं ठेवला नाही, मीही ठेवला नाही. त्या रस्त्यावरून एरवी कायम ऐकू येणारा रिक्षांचा, माणसांचा कसलाच आवाज येत नव्हता... इतकी माणसं तिथं असून.