मराठीत समजावून सांगायची नोकरी

पहिली नोकरी किती दिवस केली आणि सोडली का, हा प्रश्न मला प्रत्येक नव्या दवाखान्यात विचारतात. मी ‘घरगुती कारण’ म्हणून मोकळी होते. समोरचा मान डोलावतो, कारण त्याला तेच ऐकायचं असतं. लग्न ठरलं, सासू आजारी पडली, नवऱ्याची बदली झाली. नर्स टिकत नाही ती तिच्या घरामुळं, असं एकदा ठरवून टाकलं की दवाखान्याकडं कुणी बोट दाखवत नाही. मीही आता वाद घालत बसत नाही, पोट भरायचंय.

माझं माहेर बेल्याकडचं, सीमेपल्याडच्या तेलुगू मुलखातलं. घरात मराठी, शिक्षण पुढं सगळं तेलुगूत. नर्सिंग झालं आणि आदिलाबादेत एका खाजगी दवाखान्यात लागले. डॉक्टरांनी माझे मार्क पाहिलेसुद्धा नाहीत. मराठी नीट बोलता येतं ना, एवढंच विचारलं. मला वाटलं, वा, आपल्या भाषेची कदर असलेला माणूस भेटला. बापाला फोन करून कौतुकानं सांगितलंही. काय भोळी होते मी तेव्हा.

त्या दवाखान्यात बेला, जैनथ, पैनगंगेच्या काठच्या गावांतली माणसं फार यायची. आत आली की आधी मला शोधायची. ‘आपली पोरगी हाये म्हनते इथं.’ मग कुणाची, कोणत्या गावची, मामा कोण, हे सगळं विचारून झाल्यावरच दुखणं सांगायची. डॉक्टर त्यांना मोडक्या हिंदीत दोन वाक्यं ऐकवायचे आणि बेल वाजवायचे. ‘तुम्हारे लोग हैं, तुम समझाओ.’ मी समजावायची. गोळी जेवल्यावर घ्या, रक्त तपासायचं तर उपाशी या. आधी आधी एवढंच होतं आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

नंतर पिशवीचं सुरू झालं. आमच्याकडे गर्भाशयाला पिशवी म्हणतात. पिशवी काढली, हे बायका इतक्या सहज सांगतात की जणू खुंटीवरची काढून ठेवली. अंगावरून पांढरं जातं म्हणून आलेली बाई केबिनमधून ऑपरेशनची तारीख घेऊन बाहेर पडायची. डॉक्टर मला सांगायचे, लोकांना म्हणावं की उशीर केला तर कॅन्सर होईल. मी तो शब्द गिळायची आणि ‘डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा’ एवढंच सांगायची. माझ्यासोबत लागलेल्या दोन पोरी तोवर निघून गेल्या होत्या, एक हैदराबादला, एक घरी बसली. आजकालच्या पोरींना दमच नाही, असं डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. मी टिकले होते म्हणून माझं कौतुक चालायचं. त्या कौतुकाची आज किळस येते.

मग एक दिवस मामी आली. सख्खी नव्हे, माझ्या आईच्या गावची, म्हणून मामी. माझ्याहून थोडीच मोठी, कापूस वेचायला निघाली तर दोघींचं काम एकटी उरकणारी. सोबत सासू होती. मामीचं स्कॅनिंग मी पाहिलं, त्यात काही वाईट लिहिलेलं नव्हतं. तरी डॉक्टरांनी पिशवीच सांगितली. मी काही डॉक्टर नाही, पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. पाणी प्यायच्या फिल्टरपाशी मी तिला गाठलं आणि म्हटलं, “मामी, आधी एकडाव यवतमाळले दाखवून घे. इथं कोनाले काही बोलू नको, गुपचूप बसमधी बस.” तिनं मान हलवली.

आणि सरळ डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेली.

आमच्याकडे कुणाच्या दारातून न सांगता उठत नाहीत. शत्रूच्या घरूनही ‘येतो’ म्हणूनच निघायचं. एवढ्या मोठ्या माणसानं तपासलं, त्याला न विचारता कसं जायचं, म्हणून मामी आत गेली, हात जोडले आणि बोलली, “आमची भाची म्हनते यवतमाळले दाखवा. तं जाऊन येतो सायेब.” तिला वाटलं, त्यात भाचीची तारीफच झाली.

बेल वाजली. डॉक्टर रागावलेले नव्हते, हसत होते. मला तेलुगूत म्हणाले, हिला आत्ता, माझ्यासमोर मराठीत सांग की तुला कळत नाही, तू चुकून बोललीस, आणि उशीर केला तर कॅन्सर होईल. मामी पदराचं टोक बोटाला गुंडाळत माझ्याकडं बघत होती. मी म्हणेन ते ती करणार होती, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही.

“मामी, मी सांगतलं तेच खरं हाये,” मी म्हटलं. “जाय तू यवतमाळले.”

यवतमाळ एवढा शब्द त्यांना कळायला पुरेसा होता. सामान उचल, म्हणाले. मी उचललं. तोऱ्यात बाहेर पडले, वाटलं मामी मागोमाग येईलच. स्टँडवर उभी राहिले. यवतमाळची एक गाडी गेली, दुसरी गेली. मामी आली नाही. परत गेले तर वॉचमननं आत सोडलं नाही.

नंतर कळलं, माझ्या जागी त्यांनी झाडूवाल्या बाईला उभं केलं होतं. तिला मोडकंतोडकं मराठी येत होतं. पोरगी रागीट होती, पळाली, तिचं मनावर घेऊ नका, असं तिनं सासूला सांगितलं. कॅन्सरही सांगितला. ऑपरेशनच्या कागदावर सासूनं अंगठा दिला.

घरी बापानं तोंड फिरवलं. चार दिवस गप्प बसता आलं नाही का, म्हणाला. त्यावर मी जे बोलले ते इथं लिहीत नाही.

मामीला भेटायला गेले तेव्हा ती खाटेवर बसून होती. वेचणीला जाणं बंद झालं होतं, पाण्याची घागरही सासू आणत होती. मला त्या डॉक्टरचा राग होताच, खरं सांगते, मामीचाही आला होता. कशाला मेली आत सांगायला गेलीस, हे ओठावर होतं. तिनं जावेकडून माझ्यासाठी चहा करवून घेतला. कप हातात देताना म्हणाली,

“तुले तं जाची घाई झाली माय. तो डाक्टर काय बोलून राह्यला होता, मले काहीच समजलं नाई. मी दाराकडे पाहून राह्यली होती, का तू येशीन आन सांगशीन म्हनून.”